शेतकऱ्याने पहिला कुत्रा कोणता पाळावा?

बैलाची जोडी विकत घेताना शेतकरी चार बाजार पालथे घालतो. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि जाणत्या माणसाचा सल्ला घेतल्यावाचून इसार देत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी काहीच पाहत नाही. कोणा पाहुण्याने मोटारीतून आणलेले झुबकेदार केसांचे पिल्लू मुलांच्या आग्रहास्तव घरी राहते. किंवा शहरातील बंगल्यावर पाहिलेला रुबाबदार कुत्रा मनात भरतो आणि त्यासाठी चांगली शेळी येईल एवढी रक्कम मोजली जाते. पुढे वर्षभरात तो कुत्रा उन्हाने धापा टाकीत बाजेखाली पडून राहतो, अथवा शेजाऱ्याचे करडू फाडतो, आणि अखेरीस त्यास दूरच्या रस्त्यावर सोडून देण्याची पाळी येते. यात दोष कुत्र्याचा नसतो. ज्या कामासाठी जी जात घडलेली नाही, ते काम तिच्यावर लादलेले असते.

कुत्रा साधारणपणे दहा ते चौदा वर्षे जगतो. म्हणजे पहिलीत जाणारा मुलगा महाविद्यालयात जाईपर्यंत हे जनावर दारात राहावयाचे असते. एवढ्या दीर्घ सोबतीचा निर्णय केवळ डोळ्यांना बरे दिसते म्हणून घेणे शहाणपणाचे नव्हे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे या बाबतीत सल्ला मागितला जातो तेव्हा ‘कोणती जात चांगली?’ असाच प्रश्न बहुधा येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ‘काम कोणते?’ असा उलट प्रश्न विचारावा.

काम आधी, जात मागाहून

मळ्यातील वस्तीवर कुत्र्याची गरज बहुतांशी एकाच कारणासाठी असते. रात्री कोणी आले, जनावर शिरले, तर घरच्या माणसास जाग यावी. हे काम भुंकण्याचे आहे, चावण्याचे नाही. हा भेद नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही व तो ‘खुनशी’ कुत्र्याच्या शोधास लागतो. वास्तविक शेतावर दिवसभर माणसांची ये-जा असते. खुरपणीच्या बाया येतात, दूध नेणारा येतो, विजेच्या तारा पाहणारा येतो, शाळेची मुले बांधावरून जातात. अशा ठिकाणी चावरा कुत्रा ही राखण नसून नवी आपत्ती होय. त्याच्या चाव्याची जबाबदारी मालकावरच येते आणि गावातील संबंध बिघडतात ते वेगळेच.

दुसरे काम पिकावर येणारी रानडुकरे, वानरे व कोल्हे हुसकावण्याचे. तिसरे काम मेंढपाळाच्या कळपासोबत राहण्याचे. चौथे काम केवळ सोबतीचे. चारही कामे एकच कुत्रा उत्तम करील अशी अपेक्षा धरू नये.

याखेरीज घरची परिस्थिती प्रामाणिकपणे पाहावी. रोज वेळेवर खावयास घालणारे माणूस कोण? घरातील सर्व माणसे दिवसभर रानात असतील तर पिल्लाकडे लक्ष कोण देणार? अंगणात मोकळ्या कोंबड्या आहेत काय? वस्ती उसाच्या पट्ट्यात असून आसपास बिबट्याचा वावर आहे काय? या उत्तरांवर जातीची निवड अवलंबून आहे.

गावठी कुत्र्याची योग्यता

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या दहांपैकी आठ शेतकऱ्यांना गावठी कुत्राच योग्य ठरेल असे म्हणण्यास हरकत नाही. हे वाचून काहींचा हिरमोड होईल, कारण जे फुकट मिळते त्याची किंमत वाटत नाही. परंतु त्याची अंगलट पाहावी. मध्यम बांधा, पंधरा ते वीस किलो वजन, आखूड व एकेरी केस, उभे कान, वर वळलेली शेपटी. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. तो आपली उष्णता मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून कमी करतो. म्हणून ज्याच्या अंगावर केसांचा भार कमी व बांधा सुटसुटीत, तोच मराठवाडा-विदर्भातील वैशाखाचे ऊन सोसतो. गावठी कुत्रा कोणा पैदासकाराने घडविलेला नाही. येथल्या उन्हापावसाने, उपासमारीने व रोगराईने दुबळे वगळले व काटक ठेवले.

त्याचा आहारही बेताचा असतो. ज्वारीच्या अथवा बाजरीच्या दोन-अडीच भाकरी, त्यासोबत वाटीभर बिनतिखटाचे वरण, एखादे उकडलेले अंडे किंवा शिजविलेले मांस एवढ्यावर पूर्ण वाढलेला गावठी कुत्रा तरतरीत राहतो. नुसती भाकरी व ताकाचे पाणी यांवर मात्र त्यास ठेवू नये. वाढत्या पिल्लास तर प्रथिनांची गरज अधिक असते, आणि ती न मिळाल्यास केस निस्तेज होतात व मग ‘गावठीच ते’ असा शेरा मारला जातो.

गावठी कुत्रा सांगितलेले ऐकत नाही, गावभर भटकतो, अशी तक्रार वारंवार कानी येते. तिच्यात तथ्य आहे, पण कारण जातीत नाही. ज्या पिल्लास कधी नावाने हाक मारली नाही, वेळेवर खाऊ घातले नाही, जवळ आले की लाथ मारली, ते पिल्लू मोठेपणी आज्ञाधारक कसे होईल? तेच पिल्लू दोन महिन्यांचे असताना घरी आणून, ठराविक जागी व ठराविक वेळी खाऊ घालून, माणसांच्या सहवासात वाढविल्यास त्याच्या इतका सावध राखणदार दुसरा नाही. परक्याविषयी त्याच्या ठिकाणी उपजतच संशय असतो व तोच वस्तीवर उपयोगी पडतो. भटकण्यावर उपाय म्हणजे नसबंदी. पशुवैद्यकाकडून नर व मादी दोहोंचीही करून घेता येते. मादी साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते व गाभण राहिल्यापासून सुमारे त्रेसष्ट दिवसांनी विते. सहा-सात पिल्लांची सोय लावणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही, याचा विचार आधी करावा.

कारवानी व मुधोळ

देशी अभिजात जातींपैकी महाराष्ट्रास अधिक परिचित अशी जात कारवानी होय. सोलापूर, लातूर, नांदेड या बाजूस ती विशेष आढळते. लांब केसांच्या प्रकारास पश्मी म्हणतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांप्रमाणे या कुत्र्यांचेही कौतुक होते. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो हे तर सर्वश्रुतच आहे. याच कुळीस कर्नाटकात मुधोळ असे नाव आहे. मुधोळ हे आज बागलकोट जिल्ह्यातील गाव असून पूर्वी घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या जोपासनेस उत्तेजन दिले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत मुधोळचाही समावेश होता.

लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, उंच पाय, खांद्यापाशी सुमारे सव्वादोन फूट उंची असा हा कुत्रा धावतो तेव्हा पाहणाऱ्याचे भान हरपते. पहिल्यांदाच कुत्रा पाळणारा शेतकरी येथेच फसतो. ही जात वासावर नव्हे तर नजरेवर शिकार करणारी आहे. पुढे काही पळाले की मागे धावायचे, हा तिचा पिढ्यानुपिढ्यांचा धर्म. मग ते पळणारे ससा असो, शेजारणीची कोंबडी असो की दोन दिवसांचे करडू असो. अंगणात मोकळ्या कोंबड्या असणाऱ्या नवख्या मालकाने कारवानी घेऊ नये. घ्यावयाचाच असेल तर अगदी लहान पिल्लू आणून ते कोंबड्या-शेळ्यांच्या सहवासातच वाढवावे व मोठेपणीही नजरेआड सोडू नये.

हा कुत्रा दिवसभर साखळीला बांधून ठेवल्यास बिघडतो. त्यास रोज मोकळे धावणे लागते. तो मानी आहे. परक्याने अंगाला हात लावलेला त्यास खपत नाही आणि मारहाण झाल्यास कायमचा बिथरतो. रागीट मालकाच्या हाती तो देऊ नये. भुंकण्याच्या बाबतीतही गावठी कुत्रा त्याच्याहून सरस असतो. ज्यास मोकळे रान आहे, वेळ आहे आणि जात टिकविण्याची हौस आहे, त्या माणसाने कारवानी जरूर पाळावा. अशा हौशी माणसांमुळेच ही जात टिकून आहे.

एक गोष्ट मात्र कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कुत्रे सोडून ससे, काळवीट वा चिंकारा यांची शिकार करणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली गुन्हा आहे. ‘पूर्वीपासून करतो’ ही सबब चालत नाही.

परदेशी जातींविषयी

अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, ही जात मुळात मेंढपाळाची. जर्मनीत कॅप्टन मॅक्स फॉन स्टेफानित्स यांनी १८९९ साली या जातीची संस्था स्थापून तिला आजचे रूप दिले. बुद्धी व आज्ञाधारकता यांत ती श्रेष्ठ आहे. परंतु त्या बुद्धीस रोज काम लागते. शिकविणारे माणूस नसेल तर हाच कुत्रा चिडखोर होतो. शिवाय दुहेरी केस, भरपूर आहार व मागील पायांच्या खुब्याच्या सांध्यात आनुवंशिकतेने येणारा दोष यांचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात गार सावली, कायम पाणी व रोज अर्धा तास शिकवणी देण्याची ज्याची तयारी आहे त्यानेच तो घ्यावा, आणि तेही आई-बापाचे खुबे चांगले असल्याची खात्री करून.

लॅब्रेडॉर स्वभावाने गरीब व मुलांना सांभाळून घेणारा. सोबतीस तो उत्तम, पण राखणीस त्याचा भरवसा नाही. चोराने भाकरीचा तुकडा टाकला की त्याच्याकडेही शेपटी हलवीत जाईल. खादाडपणामुळे तो लवकर सुटतो. डोबरमनला अनुभवी हात लागतो, म्हणून पहिला कुत्रा म्हणून त्याचा विचार करू नये. घर लहान आणि केवळ चाहूल देणारा कुत्रा हवा असेल तर लहान स्पिट्झ चालेल. फक्त त्याच्या दाट केसांतील गोचिडांकडे नित्य लक्ष द्यावे लागते. चपट्या नाकाच्या पगला आपल्या उन्हात श्वास घेणेच कठीण जाते. बर्फाच्या मुलखातील हस्की व सेंट बर्नार्ड आपल्या माळरानावर आणणे ही तर हौस नसून छळ आहे.

मेंढपाळाचा कुत्रा व पोटातील जंत

दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडणाऱ्या धनगर बांधवांस कुत्र्याची निवड शिकविण्याची गरज नाही. तळावर जन्मलेले, मेंढ्यांच्या अंगाला अंग लावून वाढलेले पिल्लू कळपासच आपले कुटुंब समजते व लांडग्याची चाहूल लागताच आरडाओरडा करून माणसांना उठविते, हे त्यांस पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. नव्याने मेंढीपालन सुरू करणाऱ्याने बाजारातील विकाऊ पिल्लापेक्षा अशा तळावरील पिल्लू मागून आणणे अधिक फायद्याचे.

परंतु येथे एक धोका आहे व तो फारसा कोणास माहीत नाही. मेंढी कापली किंवा मेली म्हणजे तिचे काळीज, फुप्फुसे व आतडी कच्चीच कुत्र्यापुढे टाकण्याची रीत आहे. मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी असतात. त्या गाठींत एका बारीक चपट्या जंताची बाल्यावस्था असते. कुत्र्याने ती खाल्ली की त्याच्या आतड्यात तो जंत वाढतो, आणि त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर, पाण्यात व कुत्र्याच्या केसांवर पसरतात. ते गवत मेंढीने खाल्ले म्हणजे तिच्या पोटात पुन्हा गाठी धरतात. कुत्र्यास कुरवाळून हात न धुता भाकरी खाणाऱ्या मुलाच्या पोटात तीच अंडी गेली तर त्याच्या काळजातही अशीच गाठ वाढते. ती वर्षानुवर्षे गुपचूप मोठी होत राहते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून निघत नाही.

उपाय साधा आहे. गाठी दिसोत वा न दिसोत, कच्चे अवयव कुत्र्यास कधीही घालू नयेत. ते चांगले उकळून घालावेत, अन्यथा खोल पुरावेत. कळपातील कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठराविक मुदतीने चपट्या जंतांवरील औषध द्यावे. कुत्र्यास हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांस लावावी.

बिबट्याच्या टापूत

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या बाजूच्या ऊसबागायतीत बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात त्याच्या आहारात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा आढळला. तेव्हा अशा टापूत रात्री दारापुढे साखळीने बांधलेला कुत्रा ही राखण नसून आमिष होय. त्यास पळता येत नाही आणि त्याच्या मागावर आलेला बिबट्या थेट अंगणात, झोपलेल्या मुलांपर्यंत येतो. भुंकणारा कुत्रा अवश्य असावा, पण सूर्यास्तानंतर तो वरून छप्पर व चारी बाजूंनी मजबूत जाळी असलेल्या खोपटात अथवा बंद गोठ्यात ठेवावा. तेथूनही तो चाहूल देतोच. कुत्रा कितीही मोठ्या जातीचा असला तरी बिबट्यापुढे त्याचा निभाव लागत नाही, म्हणून जाडजूड परदेशी कुत्र्यावर पैसे खर्च करण्यापेक्षा तेच पैसे जाळीवर खर्च करावेत.

पिल्लू निवडताना

जात ठरली तरी पिल्लू पाहून घेतले पाहिजे. शक्यतो त्याच्या आईजवळ जाऊन पाहावे. आई अतिशय भित्री किंवा अंगावर धावून येणारी असेल तर पिल्लांतही तोच स्वभाव उतरण्याचा संभव असतो. सर्व पिल्लांत कोपऱ्यात दडून बसणारे घेऊ नये, तसेच इतरांस सारखे चावत सुटणारेही घेऊ नये. टाळी वाजविली असता दचकून पुन्हा कुतूहलाने पुढे येणारे पिल्लू राखणीस चांगले. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, नाक न वाहणारे असावे. अंग रोड व पोट मात्र घागरीसारखे फुगलेले असल्यास जंत झाले असे समजावे.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लाची विक्री करण्यास मनाईही आहे. घरी आणल्यावर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत त्यास घरची माणसे, मुले, गाई-म्हशी, शेळ्या, ट्रॅक्टरचा आवाज हे सर्व हळूहळू दाखवावे. या वयात जे ओळखीचे होते त्याचे भय पुढे राहत नाही.

निफाड किंवा तासगावकडील द्राक्ष बागायतदारांनी एक विशेष काळजी घ्यावी. द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. बेदाण्याच्या शेडमध्ये त्यास मोकळे सोडू नये. कांदा-लसूणही त्यास वर्ज्य आहे. उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष खाऊन मरणाऱ्या कुत्र्यांची उदाहरणे तर गावोगाव सापडतात.

पिसाळ रोगाची लस

कुत्रा कोणत्याही जातीचा असो, पिसाळ रोगाची म्हणजे रेबीजची लस टोचल्याखेरीज तो पाळू नये. गावठी कुत्रा काटक असल्याने त्यास लस लागत नाही, हा समज सर्वस्वी खोटा आहे. हा रोग विषाणूंपासून होतो, आणि माणसात एकदा त्याची लक्षणे दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. उलट वेळेवर लस घेतल्यास तो पूर्णपणे टळतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मात्रा पुन्हा, व त्यानंतर दरवर्षी एकदा टोचून घ्यावी. डिस्टेंपर व पार्वो या पिल्लांस मारक रोगांवरील लस त्याच्याही आधी, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते. जंताचे औषध पहिले तीन महिने दर पंधरवड्यास द्यावे.

एखादा कुत्रा चावला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून निदान पंधरा मिनिटे धुवावी. तीवर चुना, मिरची, हळद, तेल असे काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि सांगितलेल्या सर्व तारखांना इंजेक्शने पुरी करावीत. दोन इंजेक्शनांनंतर बरे वाटते म्हणून पुढची टाळणारे पुष्कळ आहेत. चावणारा कुत्रा ओळखीचा असल्यास त्यास मारून टाकू नये. बांधून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी व तो कसा आहे हे डॉक्टरांस कळवावे. मात्र त्याची वाट पाहत उपचार थांबवू नयेत.

लसीची नोंद असलेले कार्ड दवाखान्यातून मागून घ्यावे. सातबाराचे उतारे ज्या पेटीत ठेवतात तेथेच ते ठेवले तर वेळेवर हाती लागते.